पोटावरचा हात

हौसा आमच्या उपकेंद्रात पहिल्यांदा आली ती मला जाब विचारायला.

मी मूळची रोह्याची. कासूजवळच्या उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाले, त्याला आता नऊ वर्षं होत आली. रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी उंबरवाडीत जाऊन बायकांना सांगून आले होते, की यापुढे बाळंतपण घरी करायचं नाही, सुईणीला हात लावू द्यायचा नाही, गाडी बोलवायची आणि पेणच्या दवाखान्यात जायचं. उंबरवाडी म्हणजे डोंगराच्या पायथ्याची कातकऱ्यांची पन्नासेक घरं. आणि तिथली सुईण म्हणजे हौसा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी. काळी, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली.

"हौसाला हात लावू देऊ नका, असं तू बोललीस?"

"हो मावशी. मीच म्हणाले."

"बरं. तोंडावर कबूल झालीस." ती आत आली आणि बाकावर न बसता जमिनीवर बसली. मग तिने पाच बायकांची नावं सांगितली. कुणाची सून, कुणाची बहीण, कोणत्या सणाच्या आधी, कोणत्या पावसात. मला आधी कळेना. मग कळलं, की या पाचजणी तिच्या हातात गेल्या होत्या. जगलेल्यांचा हिशोब तिने कधीच ठेवला नव्हता.

"दवाखान्यात जाऊन हे थांबत असंल, तर मी नाय लावत हात," ती म्हणाली आणि उठून गेली.

त्यानंतर तिने घरी एकही बाळंतपण केलं नाही. पण वाडीतली बाई गाडीत बसली की तिच्या शेजारी हौसा बसलेली असायचीच. पेणला पोचल्यावर तिला आत कुणी घ्यायचं नाही. ती बाहेर भिंतीला टेकून बसायची आणि बाळाला घेऊनच परत यायची.

कोरोनाच्या साथीनंतर आमच्याकडे टॅबलेट आला. दर गुरुवारी गरोदर बायकांना बोलवायचं आणि पडद्यावरून स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांशी गाठ घालून द्यायची. इकडच्या वाड्यांना अशी डॉक्टर बघायला मिळणं म्हणजे आधी पूर्ण दिवस मोडायचा, मजुरी बुडायची. आता ती घराजवळ आली होती. डॉक्टरांचं नाव किमया. वय माझ्याएवढंच, बोलणं शांत.

पहिले दोन गुरुवार बायका पडद्यासमोर बसल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. पोट दुखतं का, नाही. चक्कर येते का, नाही. काही विचारायचंय, नाही. डॉक्टर म्हणाल्या, "दर्शना, यांच्या ओळखीचं कुणीतरी जवळ बसव ना." म्हणून मी हौसाला बोलावलं.

तिने डोक्यावर पदर घेतला, पडद्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, मी हौसा. ह्या पोरी तुमच्या म्होरं लाजत्यात. तुमी मला विचारा, मी त्यांना विचारते."

आणि ते जमून गेलं. बायका तिच्या कानाशी बोलायच्या, ती पडद्याशी बोलायची. नुसतं बोलणंच नाही. बोलता बोलता तिचा हात त्यांच्या पोटावर असायचा. एकदा येसूच्या वेळी ती मध्येच म्हणाली, "मॅडम, पोराचं डोकं वर हाय. ढुंगण खाली." मी जरा ओशाळले, डॉक्टरांपुढे हे काय बोलते म्हणून. डॉक्टरांनी मात्र लगेच सोनोग्राफीला पाठवायला सांगितलं. बाळ पायाळूच निघालं. येसूचं ऑपरेशन वेळेवर झालं, दोघं जगली. त्या दिवसापासून डॉक्टर प्रत्येक बाईच्या वेळी आधी विचारायच्या, "हौसाबाई, हाताला काय लागतंय?"

वाडीचा पडद्यावर विश्वास बसला तो असा. डॉक्टरांमुळे किंवा माझ्यामुळे नव्हे. हौसा म्हणते चांगलं आहे, म्हणून चांगलं.

शांतीचं झालं ते तीन वर्षांपूर्वी. तिचं वय वीस, पहिलीच खेप. तिच्या जन्माच्या वेळी हौसाच सुईण होती. नवरा गोरख, तिच्याहून दोनच वर्षांनी मोठा. दिवाळीनंतर अर्धी वाडी भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जाते ती पावसाच्या तोंडावर परत येते. शांतीला त्या दिवाळीत चौथा महिना लागला होता.

एरवी हौसा गरोदर पोरीला भट्टीवर जाऊ देत नसे. सासू कुरकुर करो, नवरा रागावो, ती पोरीला आपल्या झोपडीत ठेवून घ्यायची. त्या वर्षी ती मला विचारायला आली. "शांती जाते बोलते गोरखसंगती. नवं लगीन, ऱ्हावत नाय तिला. काय करू?"

मी म्हणाले, "जाऊ दे की मावशी. आता फोन आहे. दर पंधरा दिवसांनी मी डॉक्टरांना जोडून देईन. तिकडची आशाताई बीपी बघेल."

"फोनवर कळंल सगळं?"

"कळेल."

मी अगदी सहज म्हणाले होते. हौसाने जाऊन तेच शांतीला सांगितलं, आणि शांती गेली.

फोन मी चुकवला नाही. दर पंधरा दिवसांनी केला. पण फोन गोरखचा. तो हातात धरून उभा राहायचा, स्पीकर चालू, मागे विटा थापणारी माणसं, मुकादमाचा आवाज. डॉक्टर विचारायच्या, शांती खाली मान घालून "बरं हाय" म्हणायची. तिकडची आशाताई एकदा येऊन गेली, मग तिची बदली झाली असं कळलं. मी माझ्या वहीत लिहिलं, तक्रार नाही. पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच.

सातव्या महिन्यात एकदा तिने मान वर केली आणि म्हणाली, "डोकं लय जड ऱ्हातं."

गोरख म्हणाला, "उन्हानं असंल मॅडम. भट्टीची धग लागते."

डॉक्टर म्हणाल्या, "ऊन असो की काही असो, आजच्या आज जवळच्या दवाखान्यात बीपी बघून या. पाय सुजलेत का तिचे? मला दाखवा." फोन खाली गेला. मातीने भरलेले पाय दिसले. सूज कुठली आणि माती कुठली, काही कळेना.

दुसऱ्या दिवशी मी फोन लावला तर बंद. तिसऱ्या दिवशी लागला. गोरख म्हणाला, "जाऊन आलो ताई. सगळं बरोबर हाय." मी तेही लिहिलं.

शिमग्याला भट्ट्या चार दिवस बंद असतात. माणसं घरी आली. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत हौसा शांतीला रिक्षात घालून उपकेंद्रात घेऊन आली. शांतीचा चेहरा सुजून गोल झाला होता. बीपी एकशे सत्तर आणि एकशे दहा. मी पोटावर ठोके ऐकायचं यंत्र ठेवलं. एका जागी, दुसऱ्या जागी, बेंबीच्या खाली, परत वर. यंत्रातून नुसती खरखर येत होती. कधी शांतीच्याच नाडीचा आवाज यायचा आणि क्षणभर मला खोटी आशा लागायची.

मी टॅबलेट लावला. किमया मॅडम घरीच होत्या, लगेच समोर आल्या. मी आकडे सांगितले. मला जे सांगता येत नव्हतं तेही त्यांना कळलं.

"शांती, मी सांगते ते नीट ऐक हं," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाळाचे ठोके..."

आणि चित्र थांबलं. मी टॅबलेट खिडकीशी नेला, दारात नेला. मध्येच "ताबडतोब पेणला" एवढे शब्द आले आणि लाइन तुटली.

शांतीने हौसाकडे बघितलं. "काय बोलली गो आजी, मॅडम?"

सांगायचं काम माझं होतं. मी नर्स. पण मी त्या काचेवर बोट फिरवत राहिले, जोडत राहिले, जसं काही लाइन लागली की दुसरंच काही ऐकू येणार होतं. हौसाने शांतीचे दोन्ही हात धरले.

"प्वार गेलं गो बाय."

"कुठं गेलं?"

"पोटातच गेलं."

शांती आपल्या पोटाकडे बघत राहिली. तिने विचारलं, "मग आता हे हाय ते काय?"

"त्याला भायेर काढाया लागंल. मी हाय तुझ्या संगती."

गाडी आली. शांतीला मागे झोपवलं, सलाईन लावलं. पेणपर्यंत हौसा तिच्या कपाळावर हात ठेवून होती. वडखळच्या अलीकडे शांतीला ग्लानी आली, तेव्हा मी हळूच विचारलं, "मावशी, तुला कधी कळलं?"

"काल सांजच्याला. आल्या आल्या हात लावला तवाच. पोट गार लागलं."

"मग तेव्हाच का नाही आणलंस?"

"रातभर पोट हलतंय का बघितलं. तुझी मॅडम मला खोटी पाडंल वाटलं गो." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आजवर कवा वाटलं नव्हतं. काल वाटलं, हौसा खोटी ठरू दे."

पेणला सगळ्यांनी धावपळ केली. शांती वाचली. कळा यायची औषधं दिली, दुसऱ्या दिवशी दुपारी ती मोकळी झाली. तिथल्या सिस्टरने इतकी वर्षं भिंतीला टेकून बसणाऱ्या हौसाला पहिल्यांदा आत बोलावलं. मुलगी होती. डोक्यावर दाट जावळ. हौसाने कोमट पाणी मागून घेतलं आणि तिला आंघोळ घातली, अगदी कानामागून, बोटांच्या फटींतून, जिवंत बाळाला घालतात तशी. मग स्वच्छ फडक्यात गुंडाळून शांतीच्या कुशीत दिली. शांतीने तिला बघितलं. रडली नाही. "नाक गोरखचं हाय," एवढंच म्हणाली.

वाडीच्या ओढ्याकाठी करंजाखाली गोरखने खड्डा खणला. माती लोटून झाल्यावर तो माझ्याजवळ आला. "ताई, तवा मी खोटं बोललो. टेम्पो नव्हता. उद्या जाऊ बोललो, मग ऱ्हायलंच. तुमी विचारलं तर काय सांगू, म्हणून जाऊन आलो बोललो." तो माझ्यासमोर मान खाली घालून उभा होता.

त्यानंतर हौसा गुरुवारी येईनाशी झाली. तीन गुरुवार वाट बघून मी वाडीत गेले. ती अंगणात सुपात वाल निवडत बसली होती. मी शेजारी बसले.

"मावशी, माझ्या वहीत तक्रार नाही असं लिहिलंय. परत परत."

"तू ऐकलंस ते लिवलंस."

"मीच म्हणाले होते, फोनवर कळेल."

"तू बोललीस. पन तिला जा बोलणारी मी." तिने एक किडका वाल बाजूला टाकला. "तुझ्या मॅडमचा दोष नाय. ती चांगली बाय हाय. पन तिला दिसंल तेवढंच ती बघणार. येसूच्या टायमाला माझा हात व्हता. शांतीच्या पोटावर कुनाचा हात व्हता? भोवती समदे बाप्ये. नव्या पोरीनं काय सांगावं त्यांच्या देखत?"

मी हे जसंच्या तसं डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे मला सुचायला हवं होतं."

पुढच्या दिवाळीत दिशाला पाचवा महिना होता. तिचा नवरा रितेश भट्टीवर निघाला होता, आणि दिशाला मागे ठेवायला घरात कुणी तयार नव्हतं. हौसाने आपल्या झोपडीत राहा म्हणून सांगून बघितलं. दिशाने ऐकलं नाही. तेव्हा हौसाने झोपडीला कुलूप लावलं, एका गाठोड्यात दोन लुगडी बांधली आणि त्यांच्याबरोबर टेम्पोत चढली. मी बीपीचं यंत्र तिच्या हातात दिलं. तिला आकडे वाचता येत नव्हते, दिशाला येत होते.

त्या हिवाळ्यात तिकडून फोन लागला की पहिला आवाज हौसाचा यायचा, "बाप्ये भायेर." मग पालाचं कापड ओढल्याचा आवाज, मग दोघींचे चेहरे. माघात एकदा दिशाने आकडे वाचले आणि डॉक्टर सांगेपर्यंत हौसाने मुकादमाला उठवलंसुद्धा होतं. त्याच तासाला त्या दवाखान्यात पोचल्या. मुलगा महिनाभर आधी झाला, काचेच्या पेटीत राहिला, पण जगला.

हौसा मात्र भट्टीवरून अर्धी होऊन आली. धूर छातीत बसला होता. खोकायची, उठता उठता धाप लागायची. मी पडद्यासमोर बसवते म्हटलं, तर नको म्हणाली. पेणला नेते म्हटलं, तर म्हणाली, भात लावून होऊ दे. श्रावणात एका दुपारी ती गेली. मी पोचले तेव्हा शांती तिला आंघोळ घालत होती. शांतीला त्या मुलीनंतर पुन्हा दिवस गेले नाहीत. ती माझ्याशी बोलते, भाजी देते, पण उपकेंद्राची पायरी चढत नाही.

संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन केला. हौसाला त्यांनी कधी प्रत्यक्ष पाहिलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, "वय काय होतं गं त्यांचं?"

मी नोंदवही उघडली. तिच्यात मी रुजू झाल्यापासून दर वर्षी पासष्टच लिहिलेलं होतं.