वेशीपर्यंतचा मान

नोकरी गेली की लॅपटॉप, चार्जर, हेडफोन सगळं परत करावं लागतं. किस्से मात्र एचआरच्या लिस्टमध्ये नसतात, म्हणून ते आपल्याबरोबर घरी येतात! माझ्याकडे लंडनमधल्या क्रॉयडनच्या त्या ऑफिसचे चार वर्षांचे साठलेत. प्राचीन ग्रीक धर्मातल्या शब्दांचा कोश करायचो आम्ही. म्हणजे शब्द बाकीचे लिहायचे, सॉफ्टवेअर मी सांभाळायचे.

*

आमच्याकडे कुणाला काढलं की गाजराचा केक यायचा. मुख्य संपादक मार्गारेट तो स्वतः घरी करायची, आणि झकास करायची, हे मान्य करायलाच हवं. केक दिसला की आम्ही आधी वाढदिवस कुणाचा ते बघायचो. कुणाचाच नसला की एकमेकांकडे बघायचो!

आणि निरोपाचं कार्ड. ते सह्यांसाठी पाकिटातून गुपचूप टेबलाटेबलावर फिरायचं. एकदा ते ज्याचं होतं त्या कॉलिनच्याच टेबलावर गेलं! कॉलिन आमचा सगळ्यात जुना ग्रीकवाला, आणि त्याला अजून कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यानं कार्ड उघडलं, सगळं वाचलं, मार्गारेटच्या मजकुरातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला, खाली सही ठोकली आणि पुढच्या टेबलावर नेऊन दिलं.

*

कॉलिनची शेवटची नोंद होती 'अपोपोम्पाइओस'. विशेषण, आणि फार दुर्मीळ. सिस्टिममध्ये ते नीट बसेना म्हणून मी त्याला अर्थ विचारला.

"काही देव असे असतात, की त्यांच्याकडे काही मागायचं नसतं," तो म्हणाला. "त्यांचा मान करायचा आणि त्यांना घालवायचं. असा जो, तो अपोपोम्पाइओस."

ग्रीक बायबलमध्ये म्हणे सगळ्यांची पापं अंगावर घेऊन रानात जाणाऱ्या बोकडालाही हाच शब्द लावलाय.

"आणि घालवून परत येताना मागे वळून बघायचं नाही."

"का?"

"बघितलं तर ते परत येतं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू केक घेतलास ना? चांगला झालाय."

*

कॉलिन गेला. मार्गारेटला त्या शब्दासाठी एक जिवंत उदाहरण हवं होतं. मीटिंगमध्ये आमचा पुण्याचा अभिजित उत्साहानं म्हणाला, "मरीआईचा गाडा!" गावात साथ आली की देवीला छोट्या गाड्यात बसवायचं, हिरवं लुगडं, बांगड्या, नैवेद्य, आणि वाजतगाजत वेशीबाहेर. "सच अ ब्युटिफुल कम्युनिटी ट्रॅडिशन!" म्हणताना मार्गारेटच्या डोळ्यांत पाणी.

मग जेवायला बसल्यावर अभिजित माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "तुमच्या गावाला होता का गं? तुमच्याकडे काय करायचे गाड्याचं?"

"ओढायचे," मी म्हटलं.

अभिजितनं घाईघाईनं डबा उघडला आणि शेंगदाण्याच्या चटणीबद्दल बोलायला लागला.

*

घरी येऊन बाबांना फोन केला. बाबा पिंपरीत असतात, धम्माच्या वर्गांना जातात, असल्या गोष्टी सहसा काढत नाहीत. त्या दिवशी बोलले.

"गाव वेशीपर्यंत यायचं. हळदीकुंकू वाहून मागं न बघता परत. पुढं गाडा न्यायचा तुझ्या आजोबांनी. पुढच्या गावाच्या शिवेत नेऊन सोडायचा."

"मग त्या गावचे?"

"ते काठ्या घेऊन उभे असायचे."

मला इतका संताप आला, की दुसऱ्या दिवशी मार्गारेटला जाऊन सांगितलं, गाडा कोण ओढायचं तेही नोंदीत टाका. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं. "जागा नाही गं, लव्ह," म्हणाली.

*

महिन्याभरानं सोमवारी गाजराचा केक आला. वाढदिवस कुणाचाच नव्हता, आणि कार्ड माझ्या टेबलावर काही आलं नव्हतं!

माझा व्हिसा त्या कंपनीच्या नावावर. आता दोन महिन्यांत दुसऱ्या कंपनीनं दारात उभं केलं तर ठीक, नाहीतर चंबूगबाळं आवरून पिंपरी. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळे फार गोड वागले. भाषण झालं. उरलेला केक फॉइलमध्ये बांधून दिला. सगळेच्या सगळे गेटपर्यंत पोचवायला आले. रस्त्यापलीकडे ट्रॅम उभी होती. एकेकानं मिठी मारली. अभिजित म्हणाला, "टच में रहना यार." माझ्याशी हिंदीत!

मग सगळे परत फिरले. मी केक धरून बघत राहिले. अभिजित आत गेला. त्याच्यामागून बाकीचे गेले. एकानंही मागे वळून बघितलं नाही.

दारापाशी मार्गारेट थांबली. वळली. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. ती चक्क पळत गेटपर्यंत आली आणि हात पुढे केला. मीही केला.

"सॉरी, लव्ह," ती धापा टाकत म्हणाली, "तुझा ऑफिसचा पास परत घ्यायचा राहिला!"