वन्संनी बाथरूममध्ये भरलेलं तळं

फरशी बसण्याआधी बाथरूमचं पाणी खाली झिरपणार नाही याची आखणी करणं, हा माझ्या नणंदेचा व्यवसाय. आमच्या नव्या घरातही त्यांनी हयगय केली नाही. "वहिनी, पाणी काय माहेर-सासर बघतं?" म्हणाल्या.

त्या बाथरूमखाली सासूबाईंची खोली होणार होती. जुन्या घरातल्या ओलीने त्यांचा दमा बळावला होता, त्यामुळे इथे ओल येऊन चालणारच नव्हतं.

वन्संनी कोपरे गोल केले, लेप दिला, तळं भरावं तसं पाणी भरलं आणि भिंतीवर रेघ मारली. शेजारी पाण्याचा टब ठेवून त्यातही रेघ मारली.

"हा कशाला? पोहायला?" मी विचारलं.

"हवेने किती उडालं ते टब सांगेल. त्याहून जास्त उतरलं, तर गळती."

दुसऱ्या दिवशी टबापेक्षा बाथरूमचं पाणी बोटभर जास्त उतरलं होतं.

"ताई, फरशीखाली झाकून जाईल," फरशीवाला म्हणाला.

"आणि खाली आई झोपेल, तिचं काय?"

पाणी उपसल्यावर पाइपाच्या तोंडाशी केसाएवढी फट सापडली. ती बुजवून त्यांनी पुन्हा पाणी भरलं. या वेळी दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरलं.

मी खाली जाऊन स्टुलावर चढले आणि छताला तळहात लावला. ठणठणीत कोरडं. माझ्या हाताच्या वीतभर वर अख्खं तळं उभं होतं. हात काढवेना.

"उतर, पडशील," खोली बघायला आलेल्या सासूबाई म्हणाल्या. "आणि माझी खाट इथेच लावायला सांग."