अंगठ्यांवरचं पान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. अण्णांना नाही, चळवळीतल्या मैत्रिणींना नाही — आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या गिरजामावशीला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत असाल तर एका पत्रकामुळे. ‘दिल्लीनं दगा दिला.’ ते माझंच. त्यातला शब्दन् शब्द मला आजही पाठ आहे. आणि त्यातली मुख्य गोष्ट खोटी आहे.

थांबा, नीट सांगते.

मी मुखेडची. अण्णा शिक्षक. प्रत्येक सभेचं पत्रक ते जपून ठेवायचे, ट्रंका भरल्या होत्या. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. छापलेलं वाक्य म्हणजे दिलेला शब्द, असं मला वाटायचं. विसाव्या वर्षी मी निलंग्याच्या समितीत कामाला लागले. मागणी एकच होती, देशभरातून होत होती — उपचार हा प्रत्येकाचा हक्क, असा कायदा संसदेनं करावा. गावोगाव नर्स, औषधं, आणि कुणालाही दवाखान्याच्या दारातून परत पाठवायचं नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि पावसाचा पत्ता नव्हता. शिरूर अनंतपाळच्या बाजूच्या गावांना टँकर यायचा. बाया घागरी रांगेत लावून लिंबाच्या सावलीला बसायच्या. आम्ही तिथंच अंगठे घ्यायचो. त्यातल्याच एका गावची गिरजामावशी माझ्या चार पावलं पुढं. तिची थोरली लेक बाळंतपणात निलंग्याच्या वाटेवर, बैलगाडीतच गेली होती. ते ती कुणाला सांगायची नाही. बायांना नुसतं म्हणायची, “द्या गं अंगठा, शेत न्हाई मागत तुमचं! गावात नर्स आणायची हाय.” एखादी मागं सरली की, “नवऱ्याला इचारून येतीस व्हय? बाळंतपण त्याचं हाय का तुझं?” सगळ्या हसायच्या, आणि शाईचा अंगठा केसांना पुसत घागरींकडं पळायच्या.

आता आमची पद्धत ऐका. कागद वाचवायचा म्हणून मागणी एकाच पानावर लिहिलेली असायची. ती मोठ्यानं वाचून दाखवायची आणि अंगठे साध्या रेघांच्या पानांवर घ्यायचे — नाव, गाव, अंगठा, बस. शेवटी मागणीचं पान वर ठेवून दाभणानं गठ्ठा शिवायचा. अंगठा कशासाठी दिला, हे अंगठ्याच्या पानावर कुठंच नसायचं. कशाला असावं? गठ्ठा तर आपल्याच हातात होता ना?

गठ्ठा घेऊन शिष्टमंडळ दिल्लीला जायचं होतं, त्या आठवड्यात समितीच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. वकील होते, तसा भला माणूस. म्हणाले, “ताई, कायदा व्हायचा तेव्हा होईल. मोठे डॉक्टर खवळलेत, सरकार त्यांना दुखावत नसतं. पण नव्या जिल्ह्याला मोठा दवाखाना द्यावाच लागेल, तो आपल्या तालुक्यात मागू. मिळण्यासारखं मागावं माणसानं.” म्हणजे वरचं पान बदलायचं होतं. समितीत अक्षर माझं चांगलं होतं.

तुम्हाला वाटेल, पोर होती, दबाव आला असेल. नाही. कुणी डोळे वटारले नाहीत. शिष्टमंडळात अजून एक जागा रिकामी आहे, एवढंच ते बोलता बोलता म्हणाले. आणि मला — मला संसद पाहायची होती. आपल्याला सोडून सगळे दिल्लीला जातील, एवढीच मला भीती होती. मी जुनं पान उसवलं. नवं लिहिलं, एकही खाडाखोड न करता. त्याच भोकांतून दोरा ओवला.

दिल्लीत एका सरकारी कचेरीत लांब टेबलावर ठिकठिकाणचे गठ्ठे मांडले होते. आमचा ठेवायला गेले आणि पाहतच राहिले. कितीतरी गठ्ठ्यांची खालची पानं हाताळून मळलेली, कोपरे दुमडलेले — आणि वरचं पान तेवढं नवं करकरीत. कुणी मेडिकल कॉलेज मागितलं होतं, कुणी आपल्या शहराला तपासणीची यंत्रं. तिथल्या अधिकाऱ्यानं दहा-बारा गठ्ठे चाळले आणि अगदी शांतपणे विचारलं, “यात कायदा मागणारं कोण आहे?”

मी आमचा गठ्ठा बाकीच्यांच्या ओळीत ठेवला आणि मागं सरले.

लोक विचारतात, एवढी मोठी मागणी संसदेत हरली कशी? संसदेत गेली कुठं ती? डॉक्टरांचा विरोध होता, सरकारला नको होतं, हे खरंच. पण कायदा सगळ्यांचा — म्हणून कुणाचाच नव्हता. आणि दवाखाना आपल्या तालुक्याचा. ज्यांनी कायद्यासाठी घसा कोरडा केला त्यांनीच तो वाटेत उतरवून ठेवला. तो दवाखानाही निलंग्यात की उदगीरला, या भांडणात कागदावरच राहिला.

परतीच्या गाडीत मी पत्रक लिहिलं. विचित्र वाटेल — मला खरोखर फसवल्यासारखं वाटत होतं! मंत्र्यांनी, डॉक्टरांनी, सगळ्यांनी मिळून माझा विश्वास मोडला, असा संताप आला होता. त्या संतापात मी सगळं लिहिलं, फक्त पान बदलल्याचं सोडून. पत्रक गावोगाव वाचलं गेलं. गिरजामावशीनं कुणाकडून तरी दोनदा वाचून घेतलं आणि मला छातीशी धरलं. “लई सोसलंस गं माय.” आणि मी तिच्या खांद्यावर रडून घेतलं.

सात वर्षं झाली. मागच्या महिन्यात नांदेडहून दोन मुली आल्या, नर्सिंग शिकणाऱ्या. तीच मागणी, पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या तर प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागणी लिहिलेली. मीच त्यांना मावशीच्या घरी नेलं. ती तयार झाली की गाव तयार होतं. तिची धाकटी सून पोटुशी होती, आतून ऐकत होती. मावशीनं मुलींना पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि शाईचा डबा पुढं येताच हात पदराखाली नेला.

“न्हाई पोरींनो. दिल्लीवाले बेइमान हायेत. कितीबी अंगठे न्या, तिथं गेल्यावर गिळून टाकतेत. हिनंच लिवलंय की. इचारा हिला.”

मुलींनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणाले, “हो. तसंच झालं होतं.”