नव्या तांदळाची पुरचुंडी

माझ्या धाकट्या बहिणीचा उजवा हात लोखंडी गजानं मोडला, तेव्हा मी शारजातल्या एका दवाखान्यात लोकांच्या हातांना प्लास्टर घालत होते. बातमी ऐकून मी रडले, हे खरं. पण रडून झाल्यावर मला तिचा हेवा वाटला, हेही तितकंच खरं.

आम्ही डहाणूकडचे वारली. पाड्याखालची भातखाचरं बापजाद्यांपासून आम्हीच कसत आलो, कागदावर मात्र नाव एका शेठचं. त्यानं ती फार्महाऊससाठी विकली आणि भात पोटरीत आलं असताना पोकलेन आणि ट्रकभर माणसं पाठवली. बहीण पोकलेनसमोर जाऊन बसली. तिचा हात मोडला. काकाच्या डोक्यात घाव बसला, तो तेव्हापासून बोलतच नाही. पोलिसांनी केस घातली ती आमच्याच लोकांवर. खालची खाचरं सपाट झाली, वरची तेवढी वाचली. पुढच्या वर्षी तिथं पीक घ्यायला मिळेल की नाही, हे कोर्टाच्या हातात होतं.

लहानपणी मी हुशार म्हणून मला आश्रमशाळेत घातलं, पुढं नर्सिंगला पाठवलं. ती राहिली शेतात. तेव्हा सगळा पाडा म्हणायचा, मोठीनं नशीब काढलं. आणि आता दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी मी फोन केला की आई तिचंच पुराण लावायची. कोण कुठून तिला भेटायला आलं, मोर्चात तिला कसं पुढं बसवलं. माझा नुसता तिळपापड व्हायचा. मी डबल ड्यूट्या करून घरावर पत्रे घातले, त्याचं नाव नाही. आणि ही एक दिवस पोकलेनसमोर बसली तर लगेच देवी झाली!

त्यात आमच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट वसईहून सुट्टी संपवून आली आणि तिनं माझ्या हातात एक पुरचुंडी ठेवली.

"अगं, काय तुझी सिस्टर! प्लास्टरमधला हात घेऊन एसटीनं माझ्या घरी आली, ओन्ली हे द्यायला. काय डेअरिंग आहे बाबा! तू पण अशीच आहेस का? कपड्यांत लपवून आणलंय, यल्ला, घे लवकर."

तू पण अशीच आहेस का, हे वर्मी लागलं. मी हसले आणि पुरचुंडी पिशवीत कोंबली.

आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात नवे तांदूळ होते, हातसडीचे, तांबूस. आमच्या घरची रीत अशी, की नवं भात आलं की आधी देवाला दाखवायचं, मग घरच्या सगळ्यांनी खायचं. एक जरी माणूस राहिलं तरी कुणी हात लावायचा नाही. मी गल्फला आल्यापासून आईनं त्यावर तोड काढली होती. माझ्या वाटचा घास ती धाकटीला द्यायची. तिनं खाल्लं म्हणजे तूच खाल्लंस, म्हणायची. म्हणजे माझा घाससुद्धा तिचाच! यंदाही तसंच झालं असणार, वर मला हे उरलंसुरलं. मी पुरचुंडी बासमतीच्या डब्यामागं ढकलून दिली.

शुक्रवारी फोन लावला. फोन पाड्यावरच्या दुकानात होता, आमचं घर त्याच्या खालीच. आई येईल असं वाटलं होतं, पण धाकटीच आली.

"बोटं हलतात का?" मी नर्सच्या आवाजात विचारलं.

"ते सोड, बाय. तांदूळ पोचले का? खाल्लेस का?"

"वेळ नाही मिळाला. तुम्ही खाल्लंत ना, मग झालं तर."

"कुठं खाल्लं? रेशनचाच भात खातोय अजून."

"का? माझा घास तर तूच खातेस दरवर्षी."

"यंदा नाही खाल्ला. आई म्हणाली खा, मी नाही म्हटलं. पुढच्या वर्षी भात असंल-नसंल कुणाला ठाऊक. तुझा तू खा. सगळे थांबलेत, बाय."

फोन चालूच ठेवून, रिसीव्हर टेबलावर टाकून मी स्वयंपाकघरात धावले, डबा बाजूला केला, गाठ सुटेना तेव्हा दातांनी सोडली. कच्चेच तांदूळ मूठभर तोंडात टाकले आणि फोनशी येऊन चावू लागले, तिला ऐकू जाईल असे.

तिकडं ती खदखदून हसली. मग घराच्या दिशेनं ओरडली, "बायनं खाल्लं! वाढा आता!"

खालून कुणीतरी होकार दिला. भांडी वाजली. "ठेवते, लई भूक लागलीय," म्हणून तिनं फोन ठेवला.

मी तिथंच उभी राहून चावत होते. तिकडं ओटीवर सगळे ओळीनं बसले असतील. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणजे आई तिला भरवत असेल. मला पुन्हा तिचा हेवा वाटला.