कातरलेल्या मेंढ्या आणि आमचा फ्लेक्स

मंडळी, दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले आणि आज दुपारी पुण्याजवळच्या आमच्या भुकूममध्ये आषाढासारखा पाऊस कोसळला.

तेवढ्यात एक धनगर मामा तीसेक मेंढ्या घेऊन आमच्या सोसायटीच्या गेटवर आले. "सायेब, कालच लोकर कातरलीया. पाऊस गेल्याबिगर आमी कातरत न्हाई, पर आता त्याला काळयेळच न्हाई ऱ्हायला. उघड्या अंगानं भिजल्या तर गारठून मरत्याल. घटकाभर गाड्यांच्या शेडात उभ्या करू द्या."

आमचे चेअरमन छत्रीखालून म्हणाले, "आणि लेंड्या कोण साफ करणार?"

"लेंड्या? त्या खतासाठी तर शेतकरी आमाला धान्य देऊन वावरात बसवत्यात!"

"बरं, मीटिंगमध्ये विषय घेतो."

पार्किंग अर्धं रिकामं होतं; दोन-तीन गाड्या सरकवल्या की सगळा कळप मावला असता. मेंढ्या मीटिंगची वाट बघत थरथरत होत्या.

शेवटी मी गेटवरचा 'चला, वसुंधरा वाचवू या' हा फ्लेक्स सोडवला. मामांनी आणि मी तो कळपावर धरला. लावल्यापासून त्या फ्लेक्सनं वसुंधरेसाठी केलेलं हे पहिलंच काम. तरी एक मेंढी खाली बसली, ती उठलीच नाही. मामा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

आत्ता चेअरमनचा ग्रुपवर मेसेज आलाय: "फ्लेक्स धुऊन परत लावावा. जूनमध्ये पर्यावरण दिनाला लागतो."

मामांकडे गाडी नाही, एसी नाही. हवामान बिघडवणाऱ्या आमच्या गाड्या मात्र छपराखाली कोरड्या होत्या, माझीसुद्धा. तुमच्या गेटवर मामा आले असते, तर तुम्ही आधी काय हलवलं असतं: गाडी की मान?