येतो म्हणजे कधी?

वानुआतूकाकांच्या अमेरिकेतल्या डब्लिनमधल्या घरून सुखासुखी निघणं शक्यच नव्हतं. बूट घालता घालता आपण सवयीने ‘येतो’ म्हणावं, की काका दारात उभे राहून विचारत, “कधी?” तारीख सांगेपर्यंत सुटका नसे. मी तेव्हा जवळच कोलंबसला पीएचडी करत होतो. घरच्या वरणभातासाठी दर रविवारी त्यांच्याकडे जायचो आणि दर रविवारी या प्रश्नाने वैतागायचो. “अहो, बोलायची रीत असते ती. जाऊ द्या त्याला,” काकू आतून म्हणायच्या.

काका सांगलीचे, निवृत्त इंजिनिअर. अमेरिकेत येण्याआधी दोन वर्षं वानुआतूत नळपाणी योजनेवर होते. नवा माणूस आला की पृथ्वीचा गोल टेबलावर यायचा. “ऑस्ट्रेलियाच्या उजवीकडे बघ. खसखस सांडल्यासारखी दिसतात ना, ती ऐंशीएक बेटं म्हणजे एक अख्खा देश. भाषा शंभरावर. मग एकमेकांशी बोलणार कसं? तर इंग्रजी मोडूनतोडून बिस्लामा केली. टँक्यू टुमास म्हणजे खूप आभार.”

“झाला यांचा भूगोल सुरू,” काकू म्हणायच्या.

ज्वालामुखीच्या राखेत पोसलेली कोनफळं, संध्याकाळी बाप्यामंडळी गप्प बसून पितात तो कावा नावाचा मुळीचा कडू रस, सगळं काका रंगवून सांगत. पण एका जागी बसून कधीच नाही. खुर्ची, खिडकी, पुन्हा खुर्ची. घरातसुद्धा त्यांच्या शर्टाच्या खिशात पासपोर्ट असायचा. मला त्या येरझाऱ्यांनी गरगरायला व्हायचं.

पासपोर्टचं कारण फार उशिरा कळलं. तिथलं गाव सोडताना काका आपल्या रीतीने ‘येतो’च म्हणाले होते, फक्त बिस्लामात: ‘बाए मी काम’.

“त्याचा तिथे एकच अर्थ, मी येणार,” काका म्हणाले. “जातो म्हणायला जीभ वळेना रे. आईने शिकवलंच नव्हतं.”

गावच्या म्हाताऱ्या प्रमुखाने ते खरं धरलं. काही वर्षांनी एका सहकाऱ्याबरोबर त्याचा निरोप आला: तुझ्या नावाने दरवर्षी कोनफळाचं एक आळं लावतो, कधी येतोस? तेव्हापासून काकांचा पाय घरात ठरेना. एकदा तिकीट काढलं, तर तिकडे वादळ आलं. दुसऱ्यांदा त्यांच्या हृदयानेच दगा दिला आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला.

“मी ट्रिप कॅन्सल केली,” काका म्हणाले. “त्यांनी आळं कॅन्सल केलं नसणार.”

मग मला दूर, विमानानेच जावं लागेल अशा प्लेनोला नोकरी लागली. निघताना मी ‘येतो’ म्हणालो.

“कधी?”

“गणपतीत, काका. नक्की.”

त्यांनी कॅलेंडरवर खूण केली. गणपतीत माझं ऑफिसचं काम निघालं आणि साधा फोन करायचंही राहून गेलं. काका दिवसभर खिडकीपाशी होते, असं काकूंनी नंतर सांगितलं. दिवाळीआधी ते गेले. मला स्वतःची लाज वाटली, अजून वाटते.

मी डब्लिनला पोचलो तो तेराव्यानंतर. काकूंनी वरणभात वाढला. काकांचा पासपोर्ट गोलापाशी ठेवलेला होता. दुखवट्याच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणायचं नसतं, एवढं मला माहीत आहे. तरी बूट घालताना तोंडून गेलंच, “येतो, काकू.”

या एका प्रश्नावरून नवऱ्याला जन्मभर टोकणाऱ्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

“कधी?” त्यांनी विचारलं.

मी बूट काढले आणि कॅलेंडर मागितलं.