चार मिनिटं ऐकलेली टेप

माझ्या दादाचं गाणं मी मारलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्या बडबडीला हसलात तरी मला चांगली बाई समजायची चूक करणार नाही.

दादा चष्मेवाला. दुकान एवढंसं. पुढे काउंटर, भिंतीवर फ्रेमा आणि आत एक लांबुळकी खोली. तिच्या एका टोकाला अक्षरांचा तक्ता, दुसऱ्या टोकाला गिऱ्हाइकाची खुर्ची, आणि मध्ये डोळे तपासायला लागतं ते अंतर, बरोबर सहा मीटर. तक्ता आरशात दाखवला की निम्म्या जागेत भागतं, पण असली पळवाट दादाला चालत नाही. त्याने मधली भिंत पाडली आणि स्वतः फीत धरून सहा मीटर मोजले. काच घासायला बसला की दहादा फ्रेमेत घालून काढणार. गिऱ्हाईक जांभया द्यायला लागलं की म्हणणार, "थांबा हो, डोळे तुमचेच आहेत ना?"

गाण्याच्या बाबतीतही तेच. त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक लागायचं. एक गाणं सुरू झालं की टेपची अख्खी बाजू खाणार. मध्येच ताल बदलणार, मध्येच नुसतंच ऑर्गन, आणि आता संपलं म्हणावं तर परत पहिल्यापासून. मला पॉवर पॉप. करकरीत गिटारी, दोघातिघांनी गळ्यात गळा घालून म्हटलेलं ध्रुवपद, तीन मिनिटांत खेळ खलास, आणि मग दिवसभर ते तोंडातून जात नाही.

"तुझं गाणं सुरू होईपर्यंत माझी भाजी चिरून होते," मी म्हणायची.

"आणि तुझं कळायच्या आत संपतं, टिल्ले."

टिल्ली म्हणजे मी. उंचीमुळे पडलेलं नाव, ते आता केस पिकले तरी चिकटलेलंच आहे.

या भांडणातूनच आमचं पत्रक निघालं. नाव 'लांब-आखूड'. महिन्याला एक कागद. पुढची बाजू दादाची, मागची माझी. कुणाची नवी टेप आली, कुठला बँड फुटला, कुठला रुसवा काढून परत एकत्र आला, काय ऐकावं आणि कशापासून लांब राहावं. दादा टाईप करायचा, झेरॉक्स काढायचा, वहिनी पाकिटं चिकटवायची. अडीचशेजण मागवायचे. घरातल्या घरात गाणी करणारे कितीतरी लोक आम्हाला टेपा पाठवायचे, सोबत चिठ्ठी, हस्ताक्षर अगदी परीक्षेला बसल्यासारखं. हल्ली बटण दाबलं की गाणं जगभर जातं, तेव्हा तसं नव्हतं. त्यातल्या बऱ्याचजणांबद्दल आम्ही लिहायचो त्या चार ओळी, तेवढ्याच काय त्या छापून यायच्या.

म्हणून दादाचे दोन नियम होते. टेप तीनदा पूर्ण ऐकल्याशिवाय तिच्यावर एक अक्षर लिहायचं नाही. आणि एकमेकांच्या मजकुरात काना-मात्रेचा बदल करायचा नाही.

दुसरा त्याने पाळला. पहिला मी मोडला, आणि एकदा नाही.

मी कवळ्या बनवते. दिवसभर मेणात दात बसवायचे. हात गुंतलेले, कान मोकळे. शेजारी टेपरेकॉर्डर. टेप लावायची आणि दोन-चार मिनिटांत ठरवून टाकायचं, हे चाललं, हे गेलं. आखूड गाण्यांना तेवढं पुरतं असं मी स्वतःला पटवलं होतं. गेलं म्हटलेली टेप वाया कशाला घालवा? जिथे थांबवली तिथूनच रेकॉर्डचं बटण दाबायचं आणि माझी आवडती गाणी तिच्यावर भरून घ्यायची. कामावर ऐकायला बरी. यात काही वाईट करतोय असं मला कधी वाटलंसुद्धा नाही, ही खरी लाज.

तर एके दिवशी दादाने माझ्या ढिगात एक टेप टाकली. एकच गाणं, सव्वीस मिनिटं.

"ही तर तुझ्या बाजूची," मी म्हटलं.

"माझा ढीग वाढलाय. तू कर. तुझा कान ताजा आहे."

बँडचं नाव होतं 'सहा मीटर'. त्या तक्त्यासमोरच्या खुर्चीत बसून मी शंभरदा चहा प्यायलेय, आणि माझी ट्यूब पेटली नाही! चार मिनिटं ऐकलं. ड्रम ठकठक, ठकठक, वर ऑर्गनचा एक लांब सूर. मी वैतागून बटण दाबलं, माझी सात गाणी भरली आणि मजकूर खरडला. तो मला अजून पाठ आहे:

"'सहा मीटर'वाल्यांनी आपल्यापासून तेवढ्या अंतरावरच राहावं. ड्रम वाजवणारे गृहस्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ठोका धरून बसले आहेत; त्यांना उठवायचं राहून गेलं असावं. सव्वीस मिनिटांत माझ्या दोन कवळ्या झाल्या. त्यांनासुद्धा या गाण्यापेक्षा जास्त धार आहे."

माझ्या जिभेला हाड नाही हे अडीचशेजणांना ठाऊक होतं, आणि त्यासाठीच ते कागद उलटा धरून मागची बाजू आधी वाचायचे. मला त्याचा माज होता.

दादा टाईप करत होता. मध्येच थांबला.

"शेवटपर्यंत एकच ठोका?"

"हो. शेवटपर्यंत."

"पूर्ण ऐकलंस ना?"

"अरे, तीनदा!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. चष्मा लावणाऱ्याला नंबर सांगताना पाहतो ना, तसं, अगदी शांतपणे. "बरं," म्हणाला आणि पुढचं टाईप करून टाकलं. एक काना बदलला नाही.

अंक गेला. पत्रं आली, लोक हसून हसून लोळले होते.  पुढच्या अंकात मात्र दादाची बाजू कशीबशी भरली होती. मी आपली थट्टा करत राहिले, "काय रे, तुझंही गाणं संपत आलं वाटतं!" आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

दोन महिन्यांनी एका रविवारी दुकानाच्या आतल्या खोलीत गेले तर कोपरा रिकामा. तिथे दादाचं इलेक्ट्रिक ऑर्गन असायचं.

"वहिनी, ऑर्गन कुठे गेलं?"

"शाळेला देऊन टाकलं." वहिनी पाकिटं चिकटवत होती, तिने मान वर केली नाही. "आणि तू विचारतेस होय? कमाल आहे तुझी."

"म्हणजे? मी काय केलं?"

तेव्हा तिने सांगितलं. दोन वर्षं रविवारच्या दुपारी दादा या खोलीत दार लावून बसायचा. ड्रम, ऑर्गन, गिटार, सगळं एकट्याने, एकावर एक चढवत. "मी म्हटलं, अहो, सांगा तिला तुमचं आहे म्हणून. तर म्हणाले, नको, मग ती बहीण म्हणून लिहील. मला टिल्लीचं खरं मत हवंय." वहिनीने पाकीट खाली ठेवलं. "आणि ड्रमचं काय लिहिलंस गं ते? ड्रम सहाव्या मिनिटाला थांबतात. पुढे एकदासुद्धा वाजत नाहीत. दोन वर्षं ती ठकठक माझ्या डोक्यात होती, ती कधी थांबते हे मला विचार."



"मूळ टेप असेल ना त्याच्याकडे?"

"अंक छापला त्याच दिवशी पुसली. म्हणाले, एक टिल्लीकडे आहे, पुरे."

मी तशीच कामाच्या जागी धावले. खोका उलटा केला, टेप सापडली. लावली. चार मिनिटं ठकठक, मग खट्, आणि माझी सात गाणी एकामागून एक, हसरी, टाळ्या वाजवत. एकवीस मिनिटं मी तिथेच उभी होते. ज्या गाण्यांवर मी जीव टाकायची ती मला त्या दिवशी ऐकवेनात. सातवं संपलं, परत खट् झालं, आणि दादाचं गाणं आलं. त्याच्या शेपटाचं एक मिनिट शिल्लक होतं.

ड्रम नव्हते. नुसतं ऑर्गन, हळू. सात सूर, चार वर जाणारे, तीन खाली. मला ओळखायला क्षणही लागला नाही. लहानपणी तो गच्चीवर रेडिओला कान लावून बसायचा आणि मी जिन्याखालून बोलवायची, "दादा, जेवायला ये, दादा, गार होतंय!" रोज त्याच चालीत. ती माझी चाल होती. आयुष्यात मी केलेली एकुलती एक चाल, आणि मलाच तिचा विसर पडला होता. त्याने ती सव्वीस मिनिटांच्या शेवटाला नेऊन ठेवली होती. ठकठकीपासून तिथवर तो कसा पोचला, ते मला आता कुणीच ऐकवू शकणार नाही. तो रस्ता मी पुसला.

मी खाली बसून रडले. मग टेप घेऊन दुकानात गेले आणि दादाला सगळं सांगितलं. चार मिनिटं. तीनदा ऐकल्याची थाप. वर भरलेली गाणी. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"कुठली गाणी भरलीस?" त्याने विचारलं.

मी सांगितली.

"चौथं चांगलं आहे," तो म्हणाला. मग हातातली काच खाली ठेवली. "टिल्ले, बाकीच्यांच्या टेपांवरपण?"

इतका वेळ मी फक्त त्याच्यासाठी रडत होते. बाकीच्यांचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. परीक्षेला बसल्यासारखी ती हस्ताक्षरं डोळ्यांपुढे आली आणि मी मान हलवली.

"किती?"

"तुझी धरून तीस असतील."

 तो चष्मा काढून पुसत राहिला, पार स्वच्छ झाला तरी पुसत राहिला.

मी घरी जाऊन तीसही नावं शोधून काढली. पुढच्या अंकाच्या मागच्या बाजूला मी फक्त एवढंच लिहिलं: "खालील लोकांच्या टेपा मी पूर्ण न ऐकता त्यांच्यावर लिहिलं आणि टेपा पुसल्या. त्यांच्याकडे दुसरी प्रत असेल तर पाठवावी, तीनदा ऐकेन. नसेल तर माझ्याकडे उत्तर नाही." खाली यादी. तिसावं नाव 'सहा मीटर'. कागद दादाच्या टेबलावर ठेवला आणि त्याच्या तोंडाकडे न बघता निघून आले.

अंक छापून आला. मी नावं मोजली. एकोणतीस. परत मोजली, बोट ठेवून. एकोणतीसच.

इतक्या वर्षांत त्याने माझ्या मजकुराला पहिल्यांदा हात लावला होता. मी अंक घेऊन दुकानात गेले. तो काच घासत होता.

"दादा, एक नाव राहिलंय."

"राहिलं नाही, मी काढलं." घासायचं चाक चालूच होतं. "ज्यांच्याकडे दुसरी प्रत असू शकते त्यांचीच नावं ठेवली. उगाच कुणी वाट बघत बसायला नको."